शेजारधर्म

शेजारधर्म म्हणून मी एकदा शेजारच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच खोलीत कोंडलं. मे महिन्याची दुपार, बाहेर लू, आणि त्यांचं दार सताड उघडं. दार लावायचं विसरून बाहेर गेल्या असतील, असं समजून मी बाहेरून कडी घातली. आतून एका मुलीची किंकाळी आली.

बाई मनाच्या डॉक्टर. अत्याचार सोसलेल्या मुली त्यांच्याकडे बोलायला येत. साधा पंखा लावायचा तरी बाई आधी विचारणार, "लावू का?" आणि उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावणार नाहीत. गल्लीत आम्ही त्यावर हसायचो.

मी घाईघाईनं कडी काढली. मुलगी धावत फाटकापर्यंत गेली. आता ही परत कसली येते! बाईंनी तिला अडवलं नाही. खुर्ची बाहेर आणून त्या भर उन्हात, फाटकापासून लांब बसल्या.

"जायचं असेल तर जा. बसायचं असेल तर कुठं, ते तू सांग. अन् या भाऊंना राहू देऊ की हाकलू?"

मुलीनं मान वर करून मला नीट पाहून घेतलं.

"हाकला."

"निघा भाऊ," बाई म्हणाल्या.

कुंपणापलीकडून वळून पाहिलं, तर मुलगी पायरीवर टेकली होती.

घरी सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं तुमी होते. पोरीले कोनाले तरी हाकलाले भेटलं."