हजार रुपयांचं कार्ड, सोळा आकडे आणि राधानगरीची गाडी

आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं हे आमच्या घरात तीन वर्षं चाललं होतं. माझे आजोबा छप्पन साली जाऊन आले होते. आई कधीच गेली नाही. गेल्या वर्षी मी रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहिलो, पण खिडकीशी पोचेपर्यंत गाडी भरली होती. आईचे गुडघे दुखतात. खालचा बर्थ मिळाला नाही तर एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नाही.

या वर्षी एका मित्राने सांगितलं की तिकीट इंटरनेटवर काढता येतं. मी म्हटलं, आमच्या घरात क्रेडिट कार्ड कुणी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. तो म्हणाला, नसू दे, आता कॅश कार्ड मिळतं. दुकानात रोख पैसे द्यायचे आणि कार्ड घ्यायचं. त्यावरची चंदेरी पट्टी खरवडली की खाली सोळा आकडे दिसतात. वेबसाइटवर आपल्या नावाचं एक पाकीट उघडायचं आणि त्यात ते आकडे टाकायचे, की तेवढे पैसे पाकिटात जमा. मग त्यातून तिकीट काढा नाहीतर पुस्तक मागवा. माझी शाळा नववीत सुटली. कोडोलीत लग्नपत्रिका आणि हँडबिलं टाइप करण्याचं काम करतो. पण हे मला एकदाच ऐकून समजलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आदल्या संध्याकाळी गावातल्या कॅफेत पाकीट उघडून ठेवलं. आम्हाला हव्या त्या गाडीला तेव्हा बासष्ट जागा शिल्लक होत्या. कार्ड मात्र कोल्हापुरातच मिळत होतं. म्हणून हा प्रवास.

सकाळी पावणेसातची एसटी धरली. एक सूचना: सुट्टे पैसे न्या, कंडक्टरशी वाद घालायची ही वेळ नव्हे. गाडी वाठारला हायवेला लागेपर्यंत मी वरच्या खिशातल्या दोन पाचशेच्या नोटा चार वेळा चाचपल्या. पंचगंगेचा पूल आला तेव्हा पाचव्यांदा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "छातीत दुखतंय व्हय रं?"

स्टँडच्या समोरच्या गल्लीत मोबाईलचं दुकान सापडलं, ते साडेनवाला उघडलं. काउंटरवर माझ्यापुढे एक गृहस्थ होते. धोतर, टोपी, पायाशी गुरांच्या पेंडीची पिशवी. त्यांना मोबाईल रिचार्ज करायचा होता. कोल्हापुरात ज्यांनी रिचार्ज मारलाय त्यांना ही पद्धत माहीत असेल. गिऱ्हाईक फक्त पैसे देतं. कूपन दुकानदारच खरवडतो, मोठ्याने नंबर वाचतो आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये टाकूनही देतो. म्हाताऱ्या माणसांना बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून पडलेली ही चांगली सवय.

माझी पाळी आली. मी हजाराचं कॅश कार्ड मागितलं. दुकानदाराने नोटा उजेडात धरून पाहिल्या, ड्रॉवरमधून कार्ड काढलं, आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत नाण्याने पट्टी खरवडून आकडे खणखणीत आवाजात वाचायला सुरुवातही केली. शेवटचे चार आकडे वाचून झाल्यावर म्हणाला, "हं पावणं, मोबाईल द्या हिकडं, टाकून देतो."

"अहो, हे रिचार्ज नाही. हे पैसे आहेत!"

"मग रिचार्ज तर काय फुकट असतोय?"

मागे चार माणसं उभी होती. सगळ्यांनी नंबर ऐकला होता. हे कार्ड म्हणजे नोट नव्हे, की हातात आहे तोवर आपली. ज्याला आकडे माहीत, त्याचे पैसे. आणि पेंडीच्या पिशवीवाले गृहस्थ शेवटचे आकडे ऐकून चक्क हसले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा हसले. मी कार्ड दुकानदाराच्या हातातून ओढून घेतलं आणि निघालो.

सायबर कॅफे दुकानापासून पाच मिनिटांवर होता, तासाला वीस रुपये. जिना चढतानाच मी आणखी कुणी वाचू नये म्हणून कार्डावरचे शेवटचे चार आकडे बॉलपेनने गिरगटून टाकले. असे गिरगटले की उन्हात धरलं तरी दिसू नयेत. चार आकडे तर लक्षात राहतील, एवढी खात्री होती. वर गेलो आणि पंखा बंद पडला.

"साडेअकराशिवाय लाईट न्हाय," कॅफेवाला म्हणाला. "लोडशेडिंगला आज या भागाचा नंबर."

दीड तास काढायचा होता. खाली मिसळ खाल्ली, वीस रुपये. तर्री बेतानेच घ्या, मी दोनदा घेतली आणि त्रास झाला. खाताना आकडे मनात घोळवत होतो. मग वाटलं, आपले ओठ हलताहेत, कुणी ओळखेल. म्हणून घोळवणं बंद केलं. त्यानंतर डोक्यात जागांचा हिशेब सुरू झाला. काल बासष्ट, आता किती?

लाईट आली तेव्हा एकवीस उरल्या होत्या. मी कार्ड समोर ठेवलं. बारा आकडे बघून टाइप केले. शेवटचे चार: अडतीस बहात्तर. नंबर चुकीचा. मग वाटलं, अठ्ठावीस सदतीस. नंबर चुकीचा. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की तीनदा चुकलं तर कार्ड बंद. हे हजार रुपये आईने आणि मी मिळून वर्षभर बाजूला ठेवलेले. दुसरे हजार नव्हते. माझी बोटं कीबोर्डवरून आपोआप मागे आली.

पळत दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दिसाला शंभर नंबर वाचतो ओ. कुठला ध्यानात ऱ्हायला?"

"ते पेंडीवाले?"

"ते? आत्तापातूर हितंच बसलं हुतं. राधानगरीच्या गाडीला गेलं."

ज्या माणसाला मी सकाळपासून मनात चोर ठरवलं होतं, तोच आता पाहिजे होता. रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. राधानगरीची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं. पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते.

"मामा! सकाळी दुकानात माझ्या कार्डाचा नंबर वाचला, तुम्ही ऐकलात ना?"

"ऐकला की."

"शेवटचे आकडे आठवतात का? मी ते खोडून टाकले."

"खोडलं? का?"

आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "कुणी चोरू नये म्हणून. तुम्ही ऐकून हसलात, मला भीती वाटली."

त्यांनी मागे वळून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐकलं का? हे पावणं मला चोर समजलं, आन् आता चोरालाच कुलूप उघडाय बोलवाय आलंय!" गाडी हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. मग ते खिडकीतून वाकले आणि आवाज एवढा खाली आणला की मलाच जेमतेम ऐकू यावा.

"अडतीस सत्तावीस. आमच्या म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला हाय, त्यो अडतीस एकोणतीस. दोनानं चुकला म्हणून हसलो रं. पळ आता."

कंडक्टरने घंटी दिली.

तिसऱ्यांदा टाइप करताना मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तपासलं. बटण दाबलं. पांढरं पान बराच वेळ तसंच राहिलं. मग अक्षरं आली: शिल्लक एक हजार रुपये, शून्य पैसे. त्या शून्य पैशांचं मला फार कौतुक वाटलं. इतकं नेमकं माझ्याशी आजवर कुणी वागलं नव्हतं. नऊ जागा होत्या. आईला खालचा बर्थ, मला समोरचा वरचा. दोन्ही मिळून आठशेच्या आत. पैसे गेले ते दिसले, उरले तेही दिसले. छापील तिकिटाचे कॅफेवाल्याने पाच रुपये घेतले.

बँकेत खातं उघडायला गेलो होतो तेव्हा फॉर्मवर शिक्षण लिहिताना पेन अडलं होतं, आणि ओळखीचा खातेदार आणा म्हणाले होते. या पाकिटाने माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही, ओळखीचं कोण ते विचारलं नाही. सोळा आकडे बरोबर असले की झालं. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा मान कुठल्या खिडकीवर मिळाला असेल असं वाटत नाही. तुम्ही हे करणार असाल तर दोनच गोष्टी सांगतो. कार्ड हातात घेतल्याशिवाय नोटा देऊ नका. आणि काहीही झालं तरी आकडे खोडू नका.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. आईने तिकीट दिव्याखाली धरलं.

"ह्यावर शिक्का न्हाय."

"लागत नाही."

"आन् पैसं कुणाच्या हातात दिलंस?"

मी तिला खरवडलेलं, शाईने काळं झालेलं कार्ड दाखवलं आणि सगळं सांगितलं. दुकानदार, लाईट, खिडकीतले मामा. तिने कार्डाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "त्या माणसाचं नाव काय?"

विचारायचं राहून गेलं होतं. त्यांच्या म्हशीचा नंबर तेवढा मला पाठ आहे.