वर गेलेला हात

जीभ खोटे बोलते हे आपण लहानपणीच शिकतो. डोळे खोटे बोलतात हे संसार शिकवतो. पण हात खोटे बोलत असेल, हे आपल्या मनाला शिवत नाही. हात म्हणजे कष्टाची वस्तू. त्याला लबाडी कुठून जमावी? म्हणून आज मला एका हाताची कथा सांगायची आहे. तो हात प्रामाणिक होता, प्रेमळ होता, आणि तरीही एका दुपारी तो खोटे बोलला.

त्या हाताच्या धन्याला सगळे मामा म्हणत. मोटारींच्या शर्यतीत उतरणारा एक लहानसा संघ होता, त्याची गाडी चालवणारा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. भाचा मामा म्हणे, म्हणून मेकॅनिक मामा म्हणू लागले, आणि पाहता पाहता मालकही म्हणू लागला. नव्याने आलेल्या माणसाला जुने लोक सांगत, की दुसऱ्याला मामा बनवणारे इथे पुष्कळ भेटतील, जन्मतःच बनलेला मामा मात्र हा एकच. मामा हसत आणि हातमोजे झटकत.

त्यांचे काम एका चाकाचे. मागचे, उजवे. शर्यतीच्या मध्येच गाडी टायर बदलायला पिटमध्ये येते, म्हणजे मार्गालगतच्या त्या अरुंद गल्लीत, आपापल्या गॅरेजसमोर क्षणभर थांबते. क्षणभर म्हणजे खरोखर क्षणभर. आपण शिंक आवरतो तेवढ्यात चारही चाके बदललेली असतात. प्रत्येक चाकाला मधोमध एकच नट. मामा हवेच्या गनने तो सोडवत, एक जण जुने चाक ओढून काढी, दुसरा नवे बसवी, आणि मामा पुन्हा गन लावून नट आवळत. नट आवळला, की हात वर. चार कोपऱ्यांत चार हात वर गेले, की हिरवा दिवा लागे आणि गाडी सुटे. कुणी विचारत नसे, कुणी तपासत नसे. वर गेलेला हात हीच साक्ष, आणि त्या साक्षीवर एक जीव वाऱ्याच्या वेगाने पुढे जाई.

हे काम ते पूजेसारखे करत, असे मी म्हणणार नाही. पूजेत आपले मन चार ठिकाणी हिंडून येते; मामांचे हिंडत नसे. नट पूर्ण बसला, की गन शेवटचा एक दणका देते. तो दणका तळहातातून निघून कोपरापर्यंत पोचे, आणि हेल्मेटच्या आत मामा स्वतःशीच म्हणत, "बसलं." आधी दणका, मग शब्द, मग हात. वर्षानुवर्षे हाच क्रम. हात वर जाताना अंगठा तेवढा आत दुमडलेला असे. लहानपणी दारात चेचल्यापासून तो पुरता उघडतच नव्हता.

चाक नीट न बसता गाडी सुटली तर काय होते, हे त्यांनी पाहिले होते. फार पूर्वी शेजारच्या संघाच्या गाडीचे चाक पहिल्याच वळणावर निखळले. गाडी भिंतीवर गेली. चाक एकटेच उड्या मारत कितीतरी पुढे गेले आणि गवतात हळूच आडवे झाले, दमलेल्या माणसासारखे. तो चालक पुन्हा कधी आपल्या पायांवर उभा राहिला नाही. त्या चाकामागच्या माणसाचाही हात वर गेला होता. मामांनी तो पाहिला होता.

म्हणूनच भाच्याने शर्यतीत उतरायचे ठरवले तेव्हा घरात कित्येक दिवस अबोला होता. मेहुणे लवकर गेले; बहीण आणि तिचा मुलगा मामांच्याच घरी राहत. बहीण मामांहून धाकटी, पण घरात शब्द तिचा चाले. ती नाहीच म्हणत होती. शेवटी मामा तिला म्हणाले, त्याच्या चाकाला माझा हात असेल. ती भावाच्या हाताकडे पाहत म्हणाली, "मग मला तो हात दिसू दे."

तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात काम करत बसे. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू. गाडी पिटमध्ये आल्याचे ऐकू आले, की दारापर्यंत येई, दुमडलेल्या अंगठ्याचा हात वर गेलेला पाही, आणि पुन्हा ओट्याकडे वळे. बाकीची शर्यत तिने कधीच पाहिली नाही. मुलगा जिंकला की हरला, हे तिला शेजारणी येऊन सांगत.

आता ऐका, घात कुठून शिरतो ते. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून मामांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आयुष्यभर गनचे हादरे सोसलेला हात; मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या, आणि उरला एक बधिरपणा, जणू हातावर कायमचा दुसरा मोजा चढला होता. दणका आता तळहाताला कळत नव्हता. तो कानाला कळे. मामांनी मनाशी म्हटले, कान तर शाबूत आहेत. डॉक्टरकडे ते गेले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. शर्यतीला निघायच्या आदल्या सकाळी बहिणीने पाहिले, की दादा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आहे. हात गार पडलाय का, असे तिने विचारले. सकाळी पडतोच, असे ते म्हणाले आणि वर्तमानपत्र ओढून घेतले.

का लपवले? त्यांना विचारले असते तर म्हणाले असते, पोराचे चाक परक्याच्या हाती कसे सोपवू? आणि ते खोटेही नव्हते. पण प्रेमाच्या पंगतीत अहंकार केव्हा येऊन बसतो, हे वाढणाऱ्यालाही कळत नाही. पान तेच, पाट तोच, जेवणारा मात्र बदललेला. 'त्याला मी हवा' आणि 'मला तो हवा' यांत अंतर केवढे? एका श्वासाएवढे. त्या श्वासात माणूस बुडतो.

परक्याचा हात तयारही होता. दर शर्यतीत राखीव गन घेऊन भिंतीशी एक मेकॅनिक उभा असे. त्याची गरज कधी पडलीच नव्हती, म्हणून त्याला सगळे पाहुणा म्हणत. कामाला हात न लावता समारंभाला हजर. जेवणाच्या वेळी त्याला आग्रह करकरून वाढत. तो म्हणे, चेष्टा करा, एक दिवस हा पाहुणाच घर सांभाळील.

तो दिवस उगवला. वर्षातली शेवटची शर्यत होती. भाचा पहिल्या तिघांत आला, तर पुढच्या वर्षी एका मोठ्या संघाची गाडी त्याच्या हाती येणार होती. बोलणी तिथवर येऊन थांबली होती. टायर केव्हा बदलायचे याचा डाव आखणारी बाई पडद्यांसमोर बसे. तिच्या मुहूर्तावरच गाडी पिटमध्ये येई, म्हणून तिला ज्योतिषीणबाई म्हणत आणि तीही ओ देई. तिने सकाळीच सगळ्यांना समजावले होते. आज ऊन कमी आहे, मार्ग थंड आहे, टायर टिकतील. बाकीचे दोनदा थांबतील. आपण एकदाच थांबायचे, तेही उशिरा. दुसऱ्या थांब्यात ते जेवढा वेळ घालवतील, तेवढीच आपली कमाई. दुसरा थांबा घ्यावा लागला, तर डाव संपला.

डाव तंतोतंत जुळत गेला. एकेक गाडी पिटकडे वळत होती आणि भाचा वर सरकत होता. गॅरेजमध्ये सगळ्यांचे डोळे पडद्यांवर होते. मामा मोज्यातली बोटे मिटत होते, उघडत होते, आणि दर वेळी बोटांकडे पाहत होते. पाहिल्याशिवाय ती मिटली की नाही, हे त्यांना कळत नव्हते.

मुहूर्त आला. गाडी आली, थांबली, उचलली गेली. जुने चाक गेले, नवे आले. मामांनी गन लावली. आणि नेमक्या त्याच वेळी मागून दुसऱ्या संघाची गाडी पिटच्या गल्लीतून गर्जत गेली. त्या गर्जनेत दणका बुडाला. तळहात मुका होता, कान भरून गेले होते. पण जीभ म्हणाली, "बसलं." आणि हात वर गेला.

असेच होते, सज्जनहो. ओठ नाम घेत असतात आणि नाम घेणारा कुठेच नसतो. सवय उभी असते माणसाच्या जागी, त्याचेच कपडे घालून.

हिरवा दिवा लागला. गाडी सुटली. सगळे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. भाचा दुसऱ्या जागेवर बाहेर पडला होता. मामा अजून गुडघ्यावरच होते. आपला वर गेलेला हात ते असे पाहत होते, जसा कुणी घरात शिरलेला अनोळखी माणूस पाहावा. नट बसला होता? नव्हता? गप्प राहिले तर बहुधा काहीच होणार नव्हते. त्या 'बहुधा'वर त्यांच्या बहिणीचे पोर पहिल्या वळणाकडे निघाले होते.

मामांनी हेल्मेटमधल्या माइकचे बटण दाबले. "बाई, त्याला हळू करा. परत बोलवा. मागचं उजवं."

"खात्री आहे?"

"खात्री नाही. म्हणूनच सांगतोय."

ज्योतिषीणबाईने पडद्यावर दोन बोटे टेकवली, सकाळपासून रचलेल्या डावावरून हलकेच फिरवली, आणि मग चालकाला शांत आवाजात सांगितले, वेग कमी कर, कडेने ये, चाक तपासायचे आहे. भाच्याने विचारले, कोण म्हणतो? ती म्हणाली, मामा. त्याने लगेच वेग उतरवला. एक पूर्ण फेरी गाडी लंगडत यावी तशी आली, आणि तिच्या शेजारून सगळे जग पुढे निघून गेले.

ती येईपर्यंत मामा भिंतीशी गेले होते. आपली गन त्यांनी पाहुण्याच्या हातात दिली आणि एवढेच म्हणाले, की तुझा हात जिवंत आहे, तू बघ. पाहुण्याने गन लावली. दणका ऐकू आला. चौथा हात वर गेला, अंगठा सरळ, पाचही बोटे उघडी. गाडी गेली.

पाहुण्याने गन बाजूला ठेवली. मग उठून जवळ आला आणि खाली पाहत म्हणाला, "मामा, घट्टच होतं."

भाचा अकरावा आला. गाडीतून उतरला, हेल्मेट काढले आणि सगळ्यांसमोर हसल्यासारखे करून म्हणाला, "शेवटी तू मला मामा बनवलंस."

मामांनी उजवा मोजा काढला आणि हात पुढे केला. म्हणाले, चिमटा काढ. त्याने रागानेच काढला, नखे रुतेपर्यंत. मामांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. भाचा त्या हाताकडे पाहू लागला, मग मागच्या उजव्या चाकाकडे. त्याचा राग कुठे गेला कळले नाही, पण त्याच्या जागी जे आले ते रागापेक्षा वाईट होते. तो आत गेला. पाहुण्याला दिलेली गन मामांनी परत मागितली नाही.

संध्याकाळी सामान ट्रकमध्ये चढत असताना फोन वाजला. फोन बहिणीचा होता. हरणे-जिंकणे तिला शेजारणीच सांगत; शर्यतीनंतर तिने स्वतः कधी फोन केला नव्हता.

"दादा, तो दुसरा हात कुणाचा होता?"

पाहुण्याचा, असे त्यांनी सांगितले. मग टायरांच्या ढिगावर बसून सगळेच सांगितले: मुंग्या, बधिरपणा, दोन हातांनी धरलेला कप, ती गर्जना. चाक घट्टच होते, हेही त्यांनी सांगितले; पण ते सांगताना आवाज आपोआप खाली गेला.

पलीकडे टीव्ही चालू असल्याचे ऐकू येत होते.

"आणि याआधीचे हात?" तिने विचारले. "वर्षभर मी पाहिले ते?"

मामांचा हात मांडीवर पडून होता, अंगठा आत दुमडलेला. "माझेच होते," ते म्हणाले. "पण त्यांना दणका कळत नव्हता."

वर्षभर ती दारापर्यंत येत होती आणि निर्धास्त होऊन परत वळत होती. आज ती वळली नव्हती. टीव्हीचा आवाज वाढला. कुणीतरी दुपारची शर्यत पहिल्यापासून समजावून सांगत होते.

"पुन्हा दाखवतायत," बहीण म्हणाली. "तुझा हात वर जातोय, दादा."

मामा ऐकत राहिले. फोनमधून तिच्या श्वासाचा आवाज येत नव्हता; गाडी पहिले वळण पार करेपर्यंत तिने तो रोखून धरला होता.