पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडात बार्बाडोस

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या आमच्या शेजारीण डोरीनबाई मूळच्या बार्बाडोसच्या. २००६च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हृदयाच्या दुखण्यापायी त्यांचा विमानप्रवास बंद केला. "घरचा दगड आता हाताला लागायचा नाही," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या. मी पुण्यात जिऑलॉजी शिकलेली. आमच्याकडे दगड म्हणजे काळा. छातीठोकपणे म्हटलं, "लाव्हाचा ना?"

"लाव्हा शेजारच्या बेटांवर! आमचा दगड पांढरा, पोवळ्यांचा!"

घ्या! निमूट वाचून काढलं. भूपट्टांच्या रेटारेटीत समुद्रतळाचा गाळ वर आला, त्यावर पोवळ्यांनी चुनखडी चढवली. तसा पांढरा दगड इथे मिळेल तो दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडला. शनिवारी डोरीनबाई, माझी लेक ईरा आणि मी निघालो.

एम थ्री हायवेने साउथहॅम्प्टन, पुढे वेमथ. लवकर निघा, वेमथला ट्रॅफिक फार तुंबतं. डब्यात माझे धपाटे, डोरीनबाईंचा नारळाचा ब्रेड. दोन्ही एकत्र खाऊन बघाच.

वाटेत त्यांनी इतिहास सांगितला. इंग्रज खलाशी उतरले, बेटावर कुणी दिसेना, तर बेट आपल्या राजाचं असं म्हणे झाडावर कोरून ठेवलं. "झाडाला विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या. मग ऊस आला, आणि तो तोडायला आफ्रिकेतून धरून आणलेले त्यांचे पूर्वज.

पोर्टलंडची जुनी बंद खाण फुकट बघता येते. बूट मात्र घाला. पहिला दगड गुळगुळीत निघाला. डोरीनबाईंनी मान हलवली. "घरचा भोकाभोकांचा असतो." मग वरच्या थराचा दगड सापडला, शिंपल्यांच्या भोकांनी भरलेला. त्यांनी एका भोकात बोट घातलं आणि डोळे मिटले.

"आई, डोरीनआजी रडतो का?" ईराने विचारलं. रडतो नाही, रडते, हे सांगायचंही मला सुचलं नाही.

खोटं बोलवेना. "हा तुमचा नाही. फार जुना आहे, आणि पोवळ्यांचाही नाही."

"समुद्रातून वर आलाय ना? मग चालेल."

परत घरी सोडताना त्यांनी विचारलं, "तुझा काळा दगड शेवटचा कधी पाहिलास?"

चार वर्षं झाली. दर वेळी सुट्टी मिळत नाही, हे कारण. मला तर कुठल्या डॉक्टरने अडवलेलं नाही. दिवाळीची पुण्याची तिकिटं काढली आहेत.