रिस्कचं गाव कुठलं

इंग्रजी शब्दाची कुळी तपासल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडू न देणारा माणूस सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. फौजेत कारकुनी करून तासगावजवळ स्थायिक झालेल्या या गृहस्थांकडे शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड कोश आहे. लेकीला स्थळ आलं की आपण गाव कुठलं, आजोळ कुठलं, पाव्हणे कोण, असं खोदून विचारतो; हे तसंच शब्दाला विचारतात. त्यातून मनाला शांती मिळाली असती तर माझी तक्रार नव्हती. पण मुळात स्वभाव घाबरट, त्यामुळे प्रत्येक चौकशीतून एक नवी काळजीच घरात येते. त्यांच्या लेकीच्या लग्नात नवरदेवाची गाडी खोळंबली म्हणून मी सहज म्हणालो, "टेन्शन घेऊ नका." झालं! "साडूभाऊ, टेन्शन म्हंजे ताणणं. मूळ लॅटिन. आता ताणलेलं म्हटल्यावर..." असं म्हणत वधूपिता मांडवाच्या दोऱ्या ओढून बघत निघाला. मागोमाग फेटा सांभाळत मी. एक खुंटी खरोखरच सैल निघाली आणि कोशावरचा त्यांचा विश्वास कायमचा पक्का झाला. पुढे माझा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, मसल धरलाय. यांनी फोनवर सांगितलं की मसलचा मूळ अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली पळाल्यासारखा दिसतो ना, म्हणून. खांदा केव्हाच बरा झाला, पण शर्ट घालताना मी अजून जरा दबकतो.

गेल्या वर्षी आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, "वयामुळे थोडी रिस्क आहे. इथे सही करा." साडूंनी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. "जरा थांबा साहेब," म्हणाले आणि व्हरांड्यात येऊन पिशवीतून कोश काढला. लोक दवाखान्यात थर्मास आणतात, बिस्किटं आणतात. मी शेजारी बसलो. ओळींवरून फिरणारं बोट मध्येच थांबलं.

"मूळ नक्की न्हाई, असं लिव्हलंय," ते म्हणाले. चेहरा पार उतरला होता. "कुणी म्हणतं दर्यावर्दींचा शब्द, जहाज फोडणारा खडक. कुणी म्हणतं अरबी हाय, रिज्क. देवानं दिलेला वाटा. आता यातलं खरं कुठलं? ज्या शब्दाचं गावच ठाऊक न्हाई, त्याच्या हवाली बायको कशी करू?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नर्स दारात येऊन घड्याळाकडे बघून गेली. शेवटी ते तसेच कोशात बोट घालून आक्कांच्या खाटेशी गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

"आवं, रिजक तर आपल्या शेजारची अमिनाभाभी रोज म्हणती," आक्का उशीला टेकून म्हणाल्या. "ताटात पडलं ते रिजक. माझं ताट भरल्यालं हाय. म्होरं खडक हाय का वाटा, ते आत गेल्याबिगर कसं कळंल?"

"अगं, पण..."

"पण काय? चार पावलं चाललं की छातीचा भाता होतोय. त्याचं गाव ठाव हाय न्हवं? करा सही. आन् आदी चष्मा पुसा, काय दिसंना झालंय तुमास्नी."

चष्मा स्वच्छच होता. त्यांनी तो तरीही पुसला आणि सही केली. जन्मभर वळणदार सही करणाऱ्या माणसाची ती सही कुठल्याही बँकेने परत पाठवली असती. मग आक्कांना आत नेलं. ते भिंतीकडे बघत बसले आणि मी आणलेला चहा दोघांच्याही हातात निवून गेला. मला त्यांना धीर द्यायचा होता, पण जो शब्द ओठावर येई त्याचंच भय वाटे.

झडप बसली. आक्का घरी आल्या. आता दुपारी जेवून त्या लवंडल्या की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि पांघरूण खालीवर होतंय ना, ते बघत राहतात. नेमका तेव्हा मी साताऱ्याहून फोन केला, की पलीकडून कुजबुज येते, "हळू बोला साडूभाऊ, आत्ताच डोळा लागलाय तिचा." मध्ये अख्खं कऱ्हाड आहे, मैलोन्‌मैल ऊस आहे. तरी मी आवाज खाली आणतो.