जयवंताच्या घराचा कोनवासा

दहिवलीचा हिरामण सुतार कुठल्या कामाला अडला, असं कुणी ऐकलं नव्हतं. नांगर म्हणा, बैलगाडी म्हणा, दोन उतरणींचं साधं घर म्हणा, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. पण एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमाराला नवं घर बांधायला काढलेला गावचाच जयवंता भिवपुरीच्या वीजघराकडचे बंगले बघून आला आणि हटून बसला.

"हिरामणा, मला तसंच चौपाखी छप्पर पायजे. जमंल का रं?"

"न जमायला काय झालं?" हिरामण बोलून गेला आणि घरी येऊन डोकं खाजवत बसला!

चौपाखी म्हणजे चारी बाजूंनी उतरणारं छप्पर. त्यात घराच्या कोपऱ्यावरून आढ्याकडे एक वासा तिरका चढतो, तो कोनवासा. दोन्हीकडच्या उतरणी त्याच्याच पाठीवर भेटायच्या. हिरामणाने अंगणात कारवीच्या काटक्या आणि चिखलाचे गोळे घेऊन गुडघाभर छप्पर करून बघितलं. झकास बसलं! गडी खूश.

मग खरा सागाचा कोनवासा चढवला, चांगला चौरस तासलेला. वर कौलांसाठी आडव्या रिपा ठोकायला घेतल्या, तर उजवीकडच्या वाशाला टेकेनात. वासा जरा उजवीकडे वळवला. उजव्या बसल्या, तर डावीकडच्या अधांतरी! डावीकडे वळवला, की उजव्या रुसल्या. एवढं झकास बसलेलं छप्पर इथे का बसेना?

खालून जयवंता ओरडला, "वासा बसवतोस का त्याला मान डोलवायला शिकवतोस? उद्या नाय बसला तर पनवेलचा सुतार आणतो!"

हिरामणाला धास्ती पडली. बाहेरचा सुतार आला की गावात आपण नुसते नांगरवाले उरणार.

घरी येऊन त्याने अंगणातली कारवी इकडून वळवली, तिकडून वळवली. कशीही वळवा, बसतेच! "ह्यात बसतंय, मग त्यात का नाय?" तो त्या काटक्यांवरच खेकसला.

त्याची बायको गौराबाई तांदूळ पाखडत होती. "अवो, कारवी गोल हाय. ती कुठंबी वळली तर कळणार कुणाला? तुमच्या वाशाला खांदे हायेत, खांदे!"

हिरामणाने एक काटकी उचलून बोटांत फिरवली. कळलं म्हणावं तर कळलं नाही, नाही म्हणावं तर काहीतरी डोक्यात शिरलं होतं.

सकाळी वर चढला आणि वाकस घेऊन वाशाचे दोन्ही खांदे, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडा, उडवायला लागला.

"अरं, माझा साग!" जयवंताने कपाळावर हात मारला.

"थांब रं. ह्याला कारवी करतो."

पाठ गोलसर झाली आणि दोन्हीकडच्या रिपा गपकन टेकल्या. पनवेलला निरोप गेलाच नाही.

घरभरणीला जेवताना जयवंताने विचारलं, "नक्की काय चुकलं होतं रं?"

हिरामणाने हातातली पुरी उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे. मग ती खाऊन टाकली आणि म्हणाला, "गौरेला विचार."