दूध नासलं, बाकी ठीक

भावोजी आमच्याकडे आले की आधी सरळ स्वयंपाकघरात शिरतात. फ्रिजच्या कुशीला कान लावतात, डोळे मिटतात, आणि समाधान झालं तर "बराय" म्हणतात. त्यानंतर माणसांची चौकशी. माझ्या नणंदेचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करत आले, आणि न बिघडलेला फ्रिजही त्यांना तसाच सोडवत नाही. आमचा त्यांनी असाच एकदा 'नीट' केला. तेव्हापासून खालच्या खणातली पालेभाजी काचेसारखी कडकड मोडते.

दुकान बंद केल्यावर या गृहस्थांनी शिडाची एक जुनी बोट घेतली.

"गुडघे दुखतात म्हणून माळ्यावरचा डबा काढत नाहीत," ताई मला म्हणाल्या, "आणि आता डोलकाठीवर चढून बसतात. खालून मी हाका मारतेय, तर वरून म्हणतात, इथून आपलं घर दिसतं! घर बघायला घरातून निघायचं होतं कशाला?"

पण भावोजींनी मनात घेतलं होतं. बोट तयार झाली की ताईंना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने लांब जायचं, वाटेल तिथे थांबायचं, महिनोन्‌महिने परतायचं नाही. ताईंना घेऊन, हे महत्त्वाचं. ताईंशिवाय भावोजी केस कापायलाही जात नाहीत. ताई खुर्चीमागे उभ्या राहून "कानावरचे अजून थोडे" असं सांगतात, तेव्हा कुठे त्यांचे केस कापून होतात.

ताईंनी अट घातली. "रोज संध्याकाळी आपण धड आहोत हे घरी कळलं पाहिजे. आणि उद्या वारा कसा आहे ते मला आज कळलं पाहिजे. आठवडाभर मला घेऊन पलीकडच्या खाडीत राहून दाखवा. जमलं तर पुढे लांब येईन. नाहीतर तुम्ही आणि तुमची बोट. मी घरी."

पलीकडची खाडी म्हणजे डोंगराच्या आड, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मोबाइल तिथे फक्त घड्याळ म्हणून उपयोगी. म्हणून भावोजींनी लांब पल्ल्याचा रेडिओ बसवला. शेजारच्या बोटीवरच्या दाढीवाल्याने मदत केली. डोलकाठीला मागून ताणून धरणारी जी तार असते, तीच एरियल केली. रेडिओ आणि लॅपटॉप यांच्यामध्ये मोडेम नावाची डबी. ती आपल्या अक्षरांचे सूर करते, ते सूर दूरच्या किनाऱ्यावरचं एक केंद्र ऐकतं आणि पुढे ईमेल म्हणून पाठवतं. हवामानही तसंच मागवायचं. एक ओळ लिहून पाठवायची, की उलट टपाली नकाशा येतो, बाणच बाण असलेला. बाणाला पिसं जितकी जास्त, तितका वारा जोराचा.

"पण आधी आपण हाक मारायची," भावोजींनी मला समजावलं, "आणि केंद्राची ओ आपल्याला ऐकू आली पाहिजे. ती आली तरच देणंघेणं."

"म्हणजे तुमच्या घरातल्यासारखंच," मी म्हटलं. ताई हसल्या. भावोजींनी ओ दिली नाही.

धक्क्यावर बांधलेल्या बोटीतून चाचणीचा मेल माझ्या फोनवर अगदी सुरळीत आला. ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी त्या तारेवर ओला टॉवेल वाळत घातला, आणि भावोजी किंचाळले.

"एवढी लांबलचक तार, आणि एक टॉवेल घालायचा नाही?"

"अगं, ते एरियल आहे!"

"मग तसं लिहा तिच्यावर. आम्हाला ती दोरीच दिसते."

निघायच्या आदल्या दिवशी भावोजींनी ताईंना खूश करण्यासाठी शेवटची एक गोष्ट बसवली. स्वतःच्या हाताने जुळवलेला छोटासा फ्रिज. "भर समुद्रात थंडगार दूध!" ते म्हणाले. ताईंनी दार उघडून आत हात घातला, आणि त्या विरघळल्या. मलासुद्धा वाटलं, अर्धी लढाई जिंकली भावोजींनी.

दोघं खाडीकडे गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी फोन समोर ठेवून बसले. मेल नाही. आमचे हे, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, येरझाऱ्या घालू लागले.

"ताईला पोहता येत नाही," हे म्हणाले.

"बोटीत बसलेल्या माणसाला पोहावं लागत नाही."

"आणि बुडाली तर?"

"तर मेल करतील," मी म्हटलं. यांना ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मेल आला: "दूध नासलं. हे फ्रिज उघडून बसलेत. बाकी ठीक." ताईंचं लिहिणं रेडिओवर असं, एकेक अक्षर जायला वेळ लागतो म्हणून त्यांनी काटकसर केली होती. आम्ही सुटलो. आमचे हे नासलेल्या दुधाची बातमी आनंदाने शेजारी सांगून आले.

मग पुन्हा शुकशुकाट. एक दिवस, दुसरा दिवस. यांनी जेवण अर्धं टाकलं. मग एकदम: "ढग. वीज पुरत नाही म्हणून फ्रिज बंद. लोणी गेलं. बाकी ठीक." आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी परत काही नाही.

मी ताटं उचलत होते. आमच्या फ्रिजचं दार उघडलं, दुधाचं पातेलं आत ठेवलं, आणि तशीच थांबले. इथे दूध चांगलं आहे. तिथेही आज चांगलंच असणार. आणि म्हणूनच मेल नाही!

"अहो," मी हाक मारली, "त्यांचं काहीतरी नासतं तेव्हाच मेल येतो. धक्क्यावर मेल आला तेव्हा फ्रिज बसवलेलाच नव्हता. फ्रिज चालू असला की त्याच्या विजेच्या खरखरीत रेडिओ बहिरा होतो. आणि या उकाड्यात तो थांबत नसणार."

यांनी तोंडात बोट घातलं. "मग कळव की पटकन!"

मी कळवलंही. 'फ्रिज बंद करून रेडिओ लावा.' पाठवून खाली बसले, आणि लक्षात आलं.

"पण ते हा मेल वाचणार कसे?"

"म्हणजे?"

"रेडिओ चालला तर वाचतील. रेडिओ चालायला फ्रिज बंद पाहिजे. फ्रिज बंद करा, हे त्या मेलमध्ये आहे."

यांनी ते बोटांवर मोजून पाहिलं. "मग फ्रिज बिघडायला पाहिजे."

"भावोजींनी लावलेला बिघडणार नाही. त्यांनी तो पुन्हा नीट करायला घेतला पाहिजे."

दूध उतू जाऊ नये म्हणून मी अनेकदा धावले आहे, पण दुसऱ्याचं दूध नासावं म्हणून देवाला हात जोडायची वेळ पहिल्यांदाच आली. आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. आकाश मळलेलं, वारा खिडक्या आपटत होता. दुसऱ्या सकाळी ते दोघे खाडी सोडून परत निघणार होते. पुढचा वारा त्यांना कळला नसेल तर? मी दिवसभर फोन कमरेला खोचून वावरले.

संध्याकाळी मेल आला: "नकाशा मिळाला. बाणांना पिसंच पिसं. उद्या निघत नाही, वारा पडला की येऊ. तुझं पत्र पोचलं. त्याबद्दल कुणाशी बोलू नकोस. बाकी छान."

'छान' हा ताईंच्या काटकसरीत न बसणारा शब्द होता, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. पण 'बोलू नकोस' का, ते मात्र त्या परत आल्यावर समजलं. भावोजी सवयीने फ्रिजपाशी गेले होते, आणि आम्ही दोघी गॅलरीत.

"अगं, रोज रेडिओतून नुसतं खरखरखरखर," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी पंपाला दोष दिला, दिव्यांना दिला, शेवटी सूर्याला दिला. फ्रिजचं नाव नाही. शेवटच्या दिवशी मी सांगितलं, झालं तेवढं पुरे, उद्या मी घरी. तर काय केलं माहितीय? उठले, फ्रिजमधलं सगळं बाहेर काढलं, आणि बटण बंद केलं. म्हणाले, सगळी वीज तुझ्या रेडिओला. मला नको फ्रिज."

"आणि?"

"आणि खरखर थांबली. केंद्राने लगेच ओ दिली. पहिलं पत्र आलं ते तुझं. हे शेजारीच उभे. विचारतात, काय लिहिलंय?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचारतेय, दूध कसं आहे." ताई समुद्राच्या दिशेने बघू लागल्या. "ज्या फ्रिजवर माणसाने जीव टाकला तो त्याने माझ्यासाठी बंद केला. लगेच कसं सांगू, की अहो, मुळात दुखणं तेच होतं?"

तेवढ्यात भावोजी हात पुसत बाहेर आले. "तुमचा मी जरासा नीट केलाय," ते मला म्हणाले. मला खालच्या खणातली पालेभाजी आठवली. मग खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी रेडिओचं शास्त्र सांगायला घेतलं. "वीज, वहिनी! रेडिओला वीज भरपूर लागते. लोकांच्या हे लक्षातच येत नाही. आता रोज संध्याकाळी मी फ्रिज बंद करणार, हिचा मेल जाणार, मगच फ्रिज चालू. संसारात कुणालातरी कशावर तरी पाणी सोडावंच लागतं."

"खरंय," ताई म्हणाल्या. "मोठं मन लागतं त्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

आता दोघं निघून गेलेत, बरेच लांब. संध्याकाळी फ्रिज बंद होत असावा, कारण मेल नेमाने येतो. कालचा: "वारा मंद. दूध चांगलं. हे रेडिओसुद्धा नीट करायचं म्हणताहेत. मेल थांबले तर घाबरू नका."