बेचाळीस भागांची घसरगुंडी

रविवार, होळीनंतरचा पहिला. सकाळचे सात. हजर: अण्णा (माझे सासरे, वय सत्याहत्तर, हातात पाना), प्रकाश (माझे यजमान, हातात चहाचा कप), रशीदभाई (शेजारी, स्वतःच्या टेंपोसह) आणि मी (हातात यादी). गैरहजर: माझी मुलगी सई. ती पुण्यात नोकरी करते. जे काढायचं होतं ते तिच्यासाठीच बांधलेलं होतं, पण त्यावर ती शेवटची बसली त्याला चौदा वर्षं झाली.

काम एकच होतं. मागच्या अंगणातली लोखंडी घसरगुंडी आणि तिला जोडलेला झोका काढायचा, आणि जागा मोकळी करायची. मला ते अंगण वाळवणाला हवं होतं. कुरडया, पापड, कडक भाकरी, सगळं मी गच्चीवर चढवत होते आणि येताना गुडघे धरून उतरत होते.

घसरगुंडी अण्णांनी बांधलेली. अण्णा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. कारखान्यात मोडीत निघालेल्या मागांचं लोखंड आणून त्यांनी नातीसाठी हे उभं केलं होतं. ते इतकं मजबूत होतं की त्यावरून एका वेळी एक मूल आणि एक म्हैस घसरली असती.

"गॅसकटरवाल्याला बोलावू," मी म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

"माझ्या कामाला कटर लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "मी जोडलंय, मीच सोडवीन. ही भंगारात चालली न्हाई, केमला चाललीया."

केम हे अण्णांचं गाव. तिथल्या अंगणवाडीत त्यांची भाची सुनीता सेविका आहे. पुढच्या रविवारी घसरगुंडी नेऊन, स्वतःच्या हातानं उभी करून देतो, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

मी यादीत 'दहा मिनिटं' खोडून 'चार तास' लिहिलं. साडेपाच लागले. प्रकाशनं मदत म्हणून पहिला बोल्ट उलटा फिरवला आणि आणखी घट्ट केला. अण्णांनी पाना काढून घेतला आणि त्याला पुन्हा चहा करायला पाठवलं. (यजमानांनी त्या दिवशी सहा वेळा चहा केला. एवढीच कामगिरी, पण मनापासून.) मी मधला वेळ स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा सगळे भाग भिंतीला ओळीनं टेकवलेले होते आणि जागा मोकळी! मी टेपनं मोजून घेतली आणि यादीवर बरोबरची खूण केली.

सोमवारी अण्णा त्यांच्या जुन्या मित्राकडे अक्कलकोटला गेले, चार दिवसांसाठी. सोमवारीच नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आलं की माणसाला काय धुवू आणि काय नको असं होतं. टाकी भरली, पिंप भरलं, चादरी धुतल्या, तरी नळ चालूच. मी विचार केला, लहान लेकरांच्या अंगणवाडीत कळकट वस्तू पाठवायची का? घासणी घेतली, साबण घेतला आणि सगळे भाग दोन्ही बाजूंनी घासून काढले. प्रत्येकावर पांढरट काहीतरी होतं. मला वाटलं कबुतरं! 'भाग धुणे' हे मी आधी धुतलं आणि मग यादीत लिहिलं, खूण करता यावी म्हणून.

पुढचे तीन दिवस आमच्या गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम झालं. गुरुवारपर्यंत घसरगुंडीवर बोटभर धूळ बसली. ती कधी धुतली होती हे मलाही खरं वाटलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी अण्णा आले आणि थेट अंगणात गेले. धोतराच्या सोग्यानं एक पाइप पुसला. उलटा केला. दुसरा पुसला. मग तिसरा. मग भिंतीजवळच्या दगडावर बसले.

"सुनंदा," त्यांनी हाक मारली. "मी आकडे घातलेच न्हाईत वाटतं."

"कसले आकडे?"

"माग एका जागेवरनं दुसऱ्या जागी न्यायचा असला की सोडवताना हरेक भागावर खडूनं आकडा घालायचा. कुठला कुणाला जोडायचा, ते. त्याबिगर पुन्हा उभा ऱ्हात न्हाई. आयुष्यभर मी हे केलं. परवा बी केलं, एक ते बेचाळीस. मला वाटतं केलं. पर आकडे तर कुठंच न्हाईत."

मला त्या क्षणी कबुतरांचा निर्दोषपणा कळला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी अण्णांकडून एकदा गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून मी घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. ओट्यावर 'अण्णा, गॅस?' दाराला 'अण्णा: किल्ली, चष्मा, फोन'. न्हाणीघरात 'अण्णा, नळ!' त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाले, "देवघरात न्हाई लावलीस? देव बी इसरंल की कवा." अशा माणसासमोर जाऊन आता काय सांगायचं? की तुमचं डोकं शाबूत आहे, वाया गेलंय ते माझं?

म्हणून मी यादीत लिहिलं: 'अण्णांना सांगणे, शुक्रवार, सकाळ.'

शुक्रवारी सकाळी अण्णांनी स्वतःच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं ठेव. माझा भरवसा न्हाई." मी 'सकाळ' खोडून 'दुपार' केलं. दुपारी त्यांनी चहा मागितला. एरवी स्वतः करून घेतात. "गॅसला हात लावत न्हाई आता मी." मी 'दुपार' खोडलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

प्रकाश त्यांना धीर द्यायला गेला. "अहो अण्णा, होतं असं. मी परवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती."

"तू लहानपणापासनं तसाच हायेस," अण्णा म्हणाले. "मी तसा नव्हतो."

संध्याकाळी रशीदभाई रविवारची वेळ ठरवायला आले. अण्णांनी सांगितलं, "टेंपो नको, रशीद. भंगारवाल्याला बोलाव. आकडे घालायचं इसरलो मी. सुनीताला फोन करून सांगतो, जमत न्हाई म्हणून."

"क्या बोलते अण्णा!" रशीदभाई म्हणाले. "आकडे होते की! मी स्वतः बघितले. सतरा नंबरचा लांब पाइप बघूनच मी बोललो ना, ये टेंपोत आडवा बसत नाही म्हणून?"

अण्णांनी रशीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"लई चांगला हायेस रे तू," ते म्हणाले. "माझं मन राखायला खोटं बोलाय लागलास."

आणि त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला आणि सुनीताचं नाव शोधू लागले. नाव सापडलं. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

"अण्णा, मी धुतले!" मी ओरडले. इतक्या जोरात की आतून प्रकाश चहाच्या भांड्यासकट बाहेर आला. "सोमवारी. साबणानं. दोन्ही बाजूंनी. आकडे होते. मला वाटलं, कबुतरांनी घाण केलीय."

अण्णांनी फोन खिशात ठेवला.

"एक ते बेचाळीस?"

"मोजले नाहीत. पण प्रत्येकावर होतं काहीतरी."

"आणि कालपासनं गप बसलीस?"

"हो."

मग अण्णा मला बोलले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, इतकं ते मला कधीच बोलले नव्हते. माझी अक्कल, माझी शिस्त, माझी घासणी, माझ्या यादीचा कागद आणि त्या कागदाचा कारखाना, काही सोडलं नाही. आवाज चौकापर्यंत गेला असेल. रशीदभाई खाली बघत उभे होते. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण त्यांना पुढचं वाक्य आठवावं लागत नव्हतं. एकामागून एक येतच होतं. थकल्यावर ते आत गेले, स्वतः गॅस पेटवला आणि स्वतःपुरता चहा केला. मी त्यांच्या मागून जाऊन ओट्यावरची चिठ्ठी काढली.

पण आकडे परत कसे घालायचे? अण्णांनी एकच मार्ग सांगितला. इथंच जोडून बघायचं, म्हणजे ज्या हातांनी बांधली त्या हातांना आठवेल, कुठला भाग कुठला ते. शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो, आणि दुपारपर्यंत घसरगुंडी झोक्यासकट माझ्या मोकळ्या अंगणात, त्याच जागी, पूर्वीसारखी उभी राहिली. प्रकाश म्हणाला, "आता राहू द्यायची का इथंच?" त्याला आम्ही दोघांनी मिळून आत पाठवलं. मग ऑइलपेंटनं आकडे घातले. अण्णा सांगत होते, मी ब्रश धरून लिहीत होते. तेवीसचा तीन वाकडा आला तर पुसून पुन्हा लिहायला लावला.

रात्रीपर्यंत सगळे भाग पुन्हा सोडवले, आणि रविवारी घसरगुंडी रशीदभाईंच्या टेंपोतून केमला गेली आणि उभी राहिली. सुनीतानं व्हिडिओ पाठवला. त्यात लेकरं घसरताहेत आणि मागून अण्णांचा आवाज येतोय, "सूनबाईनं धुतली हाय बरं का, साबणानं!"

तेव्हापासून अण्णा ही हकीकत एकेकाला कळवताहेत. सईला कळवली. अक्कलकोटच्या मित्राला कळवली, त्यांनी कानडीत हसून दाखवलं. माझ्या माहेरी कळवली. माझ्या आईनं त्यांची माफी मागितली.

फक्त टेंभुर्णीच्या वन्सं राहिल्यात. माझ्या थोरल्या नणंद. त्यांचा फोन नातवानं हौदात टाकला, तेव्हापासून लागत नाही. अण्णा रोज सकाळी मला हाक मारतात, "सुनंदा, टेंभुर्णी लाव." मी लावते. स्पीकरवर टाकते. त्यांच्यापुढे धरून उभी राहते. आज अकरावा दिवस. अजून लागलेला नाही. मी नवीन यादीत सगळ्यात वर तेवढंच लिहून ठेवलंय: 'वन्संना माझा मूर्खपणा कळवणे.' आणि शेजारी, अण्णांची काही गाळगळ होऊ नये म्हणून, सात मुद्दे.